प्रोग्रॅमिंगच्या फोरमवर नवख्याने प्रश्न विचारण्याआधी किती तयारी करावी?

अर्धविराम:
"कोड चालत नाही, मदत करा" एवढंच लिहायचं आणि मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो जोडायचा! उत्तर देणाऱ्याने करायचं काय? फोटोतला कोड चालवून बघता येत नाही, एरर शोधायला कॉपी करता येत नाही. एरर जशीच्या तशी, मजकूर म्हणून द्या. पायथॉनचा ट्रेसबॅक, म्हणजे एररसोबत येणारी ओळींची यादी, लांबलचक असला तरी सगळा द्या. चूक कोणत्या प्रकारची ते शेवटच्या ओळीत असतं, पण ती कुठून आली ते वरच्या ओळी सांगतात. आणि कोड छाटून, चूक दिसेल एवढाच ठेवा. छाटताना पुष्कळदा ती स्वतःलाच सापडते. समोरचा फुकट वेळ देतोय, एवढे कष्ट घ्यायलाच हवेत.

शून्यापासून:
मजकूर द्यावा, मान्य. छाटण्याची अट मात्र मला पटत नाही. कोणती ओळ बिनकामाची हे ठरवायला चूक साधारण कुठे आहे याचा अंदाज लागतो. तो नसतो म्हणूनच तर माणूस विचारायला येतो! नवख्याच्या छाटणीत नेमकी घोळ घालणारी ओळच उडते, मग वर बोलणी खावी लागतात. नवख्यांना आपल्या साइटवर परकं वाटतं, हे प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांसाठी २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या साइटनेही २०१८ मध्ये जाहीरपणे मान्य केलं होतं.

मुळाक्षर:
छाटणीपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. एखादा विचारतो, "फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं कशी काढू?" त्याला खरं तर एक्स्टेन्शन, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरचा भाग हवा असतो. 'जेपीजी'ला उत्तर चालेल, 'जेपीईजी'ला फसेल. म्हणून शेवटी काय साधायचंय ते एका वाक्यात लिहाच. त्याला अनुभव लागत नाही.

अर्धविराम:
हे पटलं. पण @शून्यापासून, नियम सैल केले तर तोच प्रश्न पन्नासदा येतो आणि चांगली उत्तरं त्यात बुडतात. पुढच्या नवख्याचंही त्यात नुकसानच आहे.

शून्यापासून:
मग प्रश्न जुन्या उत्तराशी जोडून बंद करा, माझी हरकत नाही. फक्त ते उत्तर त्याच्या कोडला कसं लागू पडतं हे एका ओळीत सांगा. नुसती लिंक दिली तर ते आपल्याच प्रश्नाचं उत्तर आहे हे त्याला ओळखताच येत नाही.