प्रति: लॅबचा ग्रुप नको, मिसळलेला गट हवा

पीएचडी आणि पोस्टडॉक करणाऱ्यांना एकमेकांशी मन मोकळं करता यावं म्हणून वर 'प्रत्येक लॅबने आधारगटासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढावा' असं सुचवलंय. लॅबच्याच ग्रुपवर गाइडबद्दल (संशोधनाच्या मार्गदर्शकाबद्दल) बोलणार कोण? गट वेगवेगळ्या विभागांचा हवा: ६ ते ८ जण, एकाच गाइडचे दोघे नकोत. पोस्टडॉक (पीएचडीनंतर कंत्राटावर संशोधन करणारे) यांचा गट वेगळा बरा. त्यांचं दुखणं वर्षावर्षाच्या कंत्राटाचं, पीएचडीवाल्यांचं सिनॉप्सिसचं (प्रबंधाआधी द्यायच्या सारांशाचं) आणि अडकलेल्या फेलोशिपचं.

पंधरा दिवसांतून एकदा, ७५ मिनिटं, ठरलेला वार. कँटीन नको, शेजारच्या टेबलावर कोण बसेल सांगता येत नाही. आधी प्रत्येकी ३ मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही. मग ज्याला जास्त वेळ हवा त्याला विचारायचं, "नुसतं ऐकू की काही सुचवू?" गट बहुतेक इथेच फसतात: कोणी "झोप लागत नाही" म्हणालं की चौघे आपापली अश्वगंधा पुढे करतात.

सूत्रधार एकटा असेल तर सगळ्यांचं ऐकून सेमिस्टरभरात तोच गळतो. दोघांनी मिळून करावं, तीन महिन्यांनी पाळी बदलावी.

गुप्ततेला एकच अपवाद, तोही पहिल्याच दिवशी सांगून ठेवावा: जिवाचा धोका. मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारावं. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. उत्तर 'हो' आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, तिथूनच टेलि-मानसला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लावायचा (चोवीस तास चालू, मराठीतही बोलता येतं). जीव द्यायचा बेत ठरलेला दिसला तर सोबत घेऊन सरळ इस्पितळाचा तातडीचा विभाग.