पीटर-डर्क एस यांच्या नाटकांना पैसे कोण घालत होतं?

तिसरी_घंटा:
सध्या दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स (डचपासून निघालेली तिथली भाषा) नाटकांबद्दल मिळेल ते वाचतेय आणि त्यात पीटर-डर्क एस हे नाव सारखं समोर येतंय. जन्म १९४५ चा, केप टाउनचा, वडील आफ्रिकानर (ही भाषा बोलणारे गोरे), आई बर्लिनहून आलेली ज्यू पियानोवादक, शिक्षण केप टाउन विद्यापीठात आणि मग लंडनला फिल्म स्कूल. इथवर ठीक आहे, पुढचं गणित काही जुळत नाही. सत्तरच्या दशकात नाटकांवर बंदी येते, सरकारी थिएटरवाले उभं करत नाहीत, आणि शेवटी बघावं तर हाच माणूस एका छोट्या गावात स्वतःचं थिएटर चालवतोय. मधल्या काळात पैसे कोणी घातले? निर्माता कोण? आणि बाईच्या वेषात मंत्र्यांची टर उडवणाऱ्या माणसाला त्या वर्णभेदी सरकारने आत कसं टाकलं नाही? जन्मतारखा आणि पुरस्कारांची यादी नकोय, ती वाचून झालीय.

विंगेतून:
निर्माता तोच. आणि माझं तर मत आहे की तो ज्या प्रकारची नाटकं करायला लागला ती निर्माता म्हणून अडचणीत आल्यामुळेच.

आधी तिथली व्यवस्था बघा. साठच्या दशकात सरकारने चार प्रांतांत चार परफॉर्मिंग आर्ट्स कौन्सिलं काढली, पगारी नट, स्वतःची वर्कशॉपं, भरपूर अनुदान. आफ्रिकान्स नाटक मोठ्या प्रमाणावर करायचं तर दार हेच. पण पैसा सरकारचा म्हटल्यावर बोचणारी संहिता तिथे कोण घेणार, बार्थो स्मिटचं 'पुट्सऑन्डरवाटर' १९६२ ला छापून आलं तरी पहिल्यांदा उभं राहिलं ते बेल्जियममध्ये, आणि बार्थो स्मिट म्हणजे काही कोणी ऐरागैरा नव्हे. मग उरली बाहेरची थिएटरं. केप टाउनला १९७२ मध्ये ब्रायन ॲस्टबरी, इव्हॉन ब्राइसलँड आणि ॲथॉल फुगार्ड यांनी सुरू केलेलं 'द स्पेस', आणि जोहान्सबर्गला १९७६ मध्ये जुन्या फळबाजाराच्या इमारतीत उघडलेलं 'मार्केट थिएटर'. दोन्हीकडे काळे-गोरे प्रेक्षक एकत्र बसायचे, त्यामुळे सरकारी पैशाचा प्रश्नच नव्हता.

एस लंडनहून परतल्यावर 'स्पेस'मध्ये रमला, तिथेच त्याची सुरुवातीची नाटकं झाली. आणि लगेच सेन्सॉर मागे लागलं. 'सेले ओ स्टोरी'वर बंदी, 'कार्नावल'वर बंदी. १९७४ च्या प्रकाशन कायद्याखाली कोणीही तक्रार करावी आणि समितीने नाटक बघून निकाल द्यावा असा कारभार होता, म्हणजे तालमी झाल्या, सेट उभा राहिला, नटांना पैसे कबूल केले, तिकिटं विकली आणि मग नाटक बंद. हा फटका कोणाला बसतो ते ज्याने एकदा तरी स्वतःच्या खिशातून प्रयोग लावलाय त्याला सांगायला नको.

तर त्याने काय केलं, खर्च होणारी प्रत्येक गोष्टच काढून टाकली. १९८१ ला मार्केट थिएटरमध्ये 'ॲडाप्ट ऑर डाय' आलं. एकपात्री. थोडे विग, चष्मे, टोप्या, काही खोकी, बस्स. नटांचे पगार नाहीत, नेपथ्य नाही, दौऱ्याला ट्रक नाही. तेव्हाचा पंतप्रधान पी. डब्ल्यू. बोथा ओठांवरून जीभ फिरवत बोट नाचवायचा ते तसंच्या तसं, आणि मजकूर बराचसा मंत्र्यांनीच जाहीरपणे बोललेला. आता समिती बंदी घालणार कशावर? बातम्या बदलल्या की प्रयोग बदलतो, आज आक्षेप घेतलेलं वाक्य उद्या नसतंच. आपलं स्क्रिप्ट सरकारच लिहून देतं असा विनोद तो कायम करायचा, त्यात विनोद कमी आणि निर्मात्याचा हिशोब जास्त होता असं मला वाटतं.

एविटा बेझेदनहाउटचं, म्हणजे तो बाईच्या वेषात करतो त्या पात्राचं, पण तसंच. ती मुळात रंगमंचावर जन्मलेली नाहीच, सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो 'संडे एक्स्प्रेस'मध्ये कॉलम लिहायचा त्यातली ही प्रिटोरियाची सत्ताधारी पक्षातली प्रतिष्ठित बाई. जे सरळ लिहिता येत नाही ते तिच्या तोंडी घालायचं. पुढे तिला एका काल्पनिक 'होमलँड'मध्ये (काळ्यांसाठी सरकारने वेगळे काढलेले, नावापुरते स्वायत्त प्रदेश) राजदूत करून टाकलं, नाव बापेटिकोस्वेटी. हे कळल्यावर मी दिवसभर हसत होतो.

चौथी_रांग:
हसा, पण अर्धीच गोष्ट सांगताय. आत का नाही टाकलं याचं उत्तर नुसतं 'हुशार होता' असं नाही, गोरा होता आणि आफ्रिकानर आडनावाचा होता. घरातलाच वाह्यात मुलगा म्हणून सोडून दिला. त्याच १९८१ मध्ये त्याच मार्केट थिएटरमध्ये 'वोझा अल्बर्ट!' आलं, पर्सी म्टवा, म्बोंगेनी न्गेमा आणि बार्नी सायमन यांचं. दोन नट आणि रंगमंचावर जवळपास काही नाही. म्हणजे कमी खर्चाचं नाटक हा काही एसचा एकट्याचा शोध नव्हता, काळ्या रंगकर्मींकडे तर दुसरा पर्यायच नव्हता. आणि त्याच्या आधी मथुली शेझीचं 'शांती' बघा (हो, नाव खरंच शांती आहे), लेखक १९७२ मध्ये गेला, नाटक त्याच्यामागे पीपल्स एक्स्परिमेंटल थिएटरने केलं, आणि १९७५ मध्ये त्या मंडळींवर दहशतवाद कायद्याखाली आरोप ठेवले त्यात हे नाटकच पुरावा म्हणून. तिथे समिती बिमिती नाही, थेट पोलीस.

एसला कमी लेखत नाहीये. फक्त त्याला जी सवलत मिळाली ती मोजल्याशिवाय त्याच्या धाडसाचा हिशोब पूर्ण होत नाही.

विंगेतून:
मान्य, आणि ते मी लिहायला हवंच होतं असं कोणी म्हणालं तर वाद घालणार नाही. फक्त एक, मिळालेली सवलत त्याने वापरली कशासाठी तेही बघा, तिचा उपयोग करून गप्प बसून सरकारी कौन्सिलमध्ये नोकरी करणारे ढिगाने होते.

प्रॉम्प्टर:
तुम्ही सगळे एसवरच अडकलात. 'आफ्रिकान्स नाटककार आणि निर्माता' म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढे डेऑन ऑपरमन येतो, कारण एस हा शेवटी स्वतःचाच निर्माता, शिवाय त्याचं निम्मं काम इंग्रजीत. ऑपरमनने दुसऱ्यांना घेऊन धंदा उभा केला. ऐंशीच्या दशकात अंगोला-नामिबियाच्या सीमेवर लढायला पाठवलेल्या पोरांवर 'मोर इज ए लांग डाग' लिहिलं, १९९६ ला 'डॉन्करलांड', एकाच आफ्रिकानर कुटुंबाच्या कितीतरी पिढ्यांची भलीमोठी गोष्ट, जी २०१३ मध्ये केकनेट चॅनेलवर मालिका म्हणून पण आली. मग २००८ ला प्रिटोरियाच्या स्टेट थिएटरमध्ये बोअर युद्धातल्या जनरल डे ला रे वरचं म्युझिकल 'ऑन्स फिर यो'. एकाच माणसाने प्रायोगिक ते तिकीटबारी सगळं केलं.

आणि यामागचं अर्थकारण पण बदललेलं आहे. १९९४ नंतर त्या कौन्सिलांचं अनुदान आटलं, पगारी नटसंच एकेक करून बंद पडले, आणि आफ्रिकान्स नाटक जगलं ते महोत्सवांवर. १९९५ पासून आउट्सहूर्नला क्लाइन कारूचा महोत्सव, १९९८ ला पॉचेफस्ट्रूमला आर्डक्लॉप. शाळेच्या हॉलमध्ये, चर्चच्या हॉलमध्ये, जिथे जागा मिळेल तिथे नाटक, आणि थोड्या दिवसांत जेवढे प्रयोग होतील तेवढे. त्यामुळे नाटकं पण आटोपशीर झाली, कमी पात्रं, पटकन उभा होणारा सेट. जे एसने बंदीपायी केलं ते पुढच्यांना बाजारापायी करावं लागलं. म्हणून ऑपरमनची मोठी म्युझिकलं मला जास्त धाडसाची वाटतात, भले त्यातल्या जुन्या सेनापतींच्या आठवणींनी भारावून जाण्यावर माझा आक्षेप असला तरी.

चौथी_रांग:
'ऑन्स फिर यो' ला धाडस म्हणणं म्हणजे कमाल आहे. डे ला रे वरचं गाणं त्याच्या दोनच वर्षं आधी गाजलेलं, प्रेक्षक तयारच होता. धंदा म्हणा, चांगला धंदा म्हणा, माझं काही म्हणणं नाही.

प्रॉम्प्टर:
मोठा नटसंच, ऑर्केस्ट्रा आणि स्टेट थिएटरचं भाडं एकदा भरून बघा मग बोलू.

तिसरी_घंटा:
भांडू नका, दोघांचंही उपयोगी पडतंय. पण माझा त्या छोट्या गावातल्या थिएटरचा, डार्लिंगचा, प्रश्न राहिला. ते कसं चालतं? आणि सुरुवात कुठून करू तेही सांगा.

विंगेतून:
डार्लिंग हे केप टाउनच्या उत्तरेला तासाभरावर असलेलं गाव. तिथलं जुनं रेल्वे स्टेशन नव्वदच्या दशकात त्याने घेतलं आणि 'एविटा से पेरॉन' केलं, थिएटर, रेस्टॉरंट आणि वर्णभेदाच्या काळातल्या पुतळ्या-बितळ्या चिन्हांची थट्टा करणारी बाग. लोक शहरातून गाडी काढून येतात, जेवतात, प्रयोग बघतात, फोटो काढतात. म्हणजे नाटकाच्या तिकिटावर सगळं सोडलेलं नाही. हॉलचं भाडं नाही, तारखांसाठी कोणाच्या पाया पडणं नाही. तोपर्यंत एविटा एवढी मोठी झाली होती की १९९४ मध्ये टीव्हीवर ती नव्या सरकारातल्या लोकांच्या मुलाखती घेत होती, मंडेलांची सुद्धा.

आणि इथे निर्माता म्हणून त्याचा उलटा हिशोब दिसतो. २००० च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष एम्बेकी एड्सबद्दल भलतंसलतं बोलत असताना हा माणूस शाळाशाळांमधून फुकट प्रयोग करत फिरला, कंडोम कसा वापरायचा ते मुलांना हसवत हसवत दाखवत, आणि त्याच विषयावर 'फॉरेन एड्स' नावाचा तिकिटाचा शो वेगळा. विषय एक, प्रेक्षक दोन, एकाकडून पैसे घ्यायचे आणि दुसऱ्याकडे फुकट जायचं. एकटा माणूस आणि एक बॅग एवढंच सामान असल्याशिवाय हे परवडलंच नसतं.

सुरुवात 'पॅराडाइज इज क्लोजिंग डाउन'ने करा. इंग्रजीत आहे आणि एविटा डोक्यात न ठेवता वाचता येतं. मग ॲडम स्मॉलचं 'कान्ना ही को हेसतू' शोधा, १९६५ चं आहे, केप टाउनच्या कलर्ड (मिश्रवंशीय) वस्तीतल्या बोलीतलं, आणि या माणसाला आफ्रिकान्स साहित्यातलं मानाचं हर्ट्झोग पारितोषिक मिळायला २०१२ उजाडलं. चौथी_रांग, यावर तुम्ही लिहाच, वेगळा धागा काढा.

चौथी_रांग:
काढतो. शनिवार-रविवारी.