मासा पाण्यातच राहू द्या: सेशेल्सच्या सात फोटोंना उत्तर

भरतीओहोटी

परवा आपल्या या गळाच्या मासेमारीच्या मंचावर सेशेल्सच्या सहलीचे फोटो आले. तिथल्या सेंट फ्रान्स्वा बेटाचं उथळ पाणी, मोठ्या माशांसाठीचा बारा वजनाचा रॉड, आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेला जीटी, म्हणजे जायंट ट्रेव्हली, हा मोठा शिकारी मासा. खाली लिहिलं होतं, "एवढा खर्च करून गेल्यावर मासा हातात घेऊन फोटो हवेतच. शेवटी सोडूनच देतो ना? जरा बाहेर राहिला तर काय बिघडलं?"

काय बिघडलं ते त्याच फोटोंत दिसतं. पहिल्या फोटोत माशाच्या पोटावरून पाण्याची धार लागली आहे, पाठीवर निळी-चंदेरी झळाळी आहे. चौथ्यात फक्त शेपटीकडून थेंब गळतोय. सातव्यात काहीच गळत नाही. अंगावरची चमक गेलेली, कल्ला ताणून उघडलेला, आणि धरणाऱ्याच्या शर्टाची बाही वाळायला लागलेली. मी पंधरा वर्षं कॅमेरा घेऊन किनाऱ्यांवर फिरते आहे. लागोपाठचे फोटो पाहून किती वेळ गेला असेल ते मला कळतं. वीस मिनिटं झुंजलेल्या जिवाला, तो धापा टाकत असताना, आपण त्याच्या हवेबाहेर काढतो आणि म्हणतो, हस.

हे मी वरून बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी ओमानमध्ये ढोफारच्या किनाऱ्यावर मैत्रिणीला पर्मिट नावाचा मासा मिळाला. चार दिवसांतला एकमेव. मी चार वेळा "अजून एक" म्हणाले. ढग सूर्यावर आला होता आणि मला ऊन हवं होतं. सोडल्यावर मासा उताणा झाला. मैत्रिणीने पाऊण तास त्याला लाटेत धरून ठेवलं. गेला शेवटी, पण कसा गेला ते आम्ही दोघींनी पाहिलं. तो फोटो मी कुठेच लावला नाही.

त्यानंतर माझा नियम एकच आहे. मासा पाण्यातच राहील, कॅमेरा खाली येईल. मी गुडघ्यावर बसते, लेन्स पाण्याला टेकवते. उचललेल्या माशाच्या फोटोत माणूस दिसतो. पाण्यातल्या फोटोत मासा दिसतो. आपण मासा बघायला गेलो होतो.

वाळूतली पावलं

ते फोटो माझेच आहेत. नाव घेतलं नाहीत म्हणून मी गप्प बसावं असं असेल, तर बसणार नाही.

अकरा वर्षं पैसे साठवून गेलो होतो. आठवड्याच्या सहलीत दोन दिवस वारा, एक दिवस ढग, म्हणजे पाण्यात काही दिसतच नाही. पाचव्या दिवशी हा एक जीटी. मला गरवायला वडिलांनी शिकवलं, दाभोळच्या धक्क्यावर. आता ते अंथरुणाला खिळलेत, उजवी बाजू गेली आहे. त्यांना मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा डाव्या हाताने त्यांनी माशाची लांबी बोटांनी मोजली. पाण्यातली अर्धवट पाठ आणि शेपूट दाखवली असती तर त्यांना काय कळलं असतं?

तुम्ही थेंब मोजत बसलात. वाटाड्या शेजारी उभा होता, तो काही बोलला नाही. आणि मासा पोहत गेला, माझ्या डोळ्यांसमोर, शेपटीचा फटका मारून.

प्रवाळपठार

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण "पोहत गेला" हा पुरावा होत नाही, म्हणून लिहितो.

बहामात एल्युथेरा बेटाजवळ बोनफिश या उथळ पाण्यातल्या माशावर काम झालं, निष्कर्ष २००७ साली छापून आले. सोडताना ज्या माशांचा तोल गेलेला होता, ते शार्क आणि बाराकुडाच्या तोंडी जाण्याची शक्यता तोल न गेलेल्यांच्या सहापटींहून जास्त निघाली. हे मासेसुद्धा पोहतच गेले होते. पुढे जे होतं ते आपण पाहायला थांबत नाही. त्याआधी १९९२ साली रेनबो ट्राउटवर प्रयोग झाला होता. नुसते दमवलेले मासे १२ टक्के मेले. दमवून ३० सेकंद हवेत ठेवलेले ३८ टक्के. ६० सेकंद ठेवलेले ७२ टक्के. ट्राउट गोड्या पाण्यातला, जीटी त्याहून कितीतरी दणकट, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे लावू नका. पण दिशा कोणती आहे ते स्पष्ट आहे.

फ्लोरिडात २०१३ पासून ४० इंचांहून मोठा टार्पन पाण्याबाहेर काढायलाच बंदी आहे. तिथल्या लोकांना फोटो नको असतात असं नाही.

गरी

तुमची दोघांची भांडणं फोटोवर. माझं भांडण त्याच्या आधीचं आहे.

सोडायचाच असेल तर पकडता कशाला? आजोबा म्हणायचे, "मासो गरीक लागलो काय तो ताटात येवक व्हयो, नायतर त्येका त्रास कित्याक?" आमच्या वाडीत पोरांनी मासा खेळवला तर पाठीत धपाटा बसायचा. तुम्ही लाखो रुपये घालून विमानाने जाता, वीस मिनिटं त्याच्या तोंडात काटा घालून ओढता, आणि पाण्यात ठेवून फोटो काढला म्हणून स्वतःला दयाळू म्हणवता. भूक असेल तर मारणं मला समजतं. हे मला समजत नाही.

भरतीओहोटी

गरी, दयाळू हा शब्द मी कुठे वापरलाय दाखवा. काटा टोचतो हे मला मान्य आहे, म्हणून तर पुढचा त्रास कमी करा म्हणते आहे. आणि प्रत्येक मासा ताटात यावा हे सगळीकडे चालत नाही. प्रवाळांमधल्या मोठ्या शिकारी माशांच्या अंगात सिग्वाटेराचं विष साठतं. ते शिजवून जात नाही, तळून जात नाही. मोठा जीटी खाऊन लोक आजारी पडले आहेत. खायचा नाही तरी मारायचा का?

गरी

मग त्याला गळच लावू नका! विषारी आहे म्हणून खात नाही, मग त्याच्या वाटेला जाता कशाला? माझा प्रश्न तिथेच आहे, तुम्ही तो फिरवलात.

नेकारकाठ

मी बारा वर्षं जर्मनीत आहे. इथे गळ टाकायला परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो, मीही काढला. मासा खायचा नसताना निव्वळ हौसेखातर पकडून सोडणं इथे प्राणीसंरक्षण कायद्याच्या विरोधात धरलं जातं. कारण हवं, आणि फोटो हे कारण होत नाही. स्वित्झर्लंडमध्येही हाच विचार आहे. तेव्हा गरींचे आजोबा मागासलेलं बोलत होते असं कुणी समजू नये.

प्रवाळपठार

आणि बेलीझने २००९ साली याच्या बरोबर उलट कायदा केला. बोनफिश, पर्मिट आणि टार्पन पकडला तर सोडलाच पाहिजे, ठेवला तर गुन्हा. बहामात उथळ पाण्यातल्या या मासेमारीतून वर्षाला सुमारे १४ कोटी डॉलर येतात असा अंदाज २०१० च्या अहवालात होता. तिथे एकच बोनफिश गावातल्या वाटाड्याला, नावाड्याला, जेवण करणाऱ्या बाईला कितीतरी वेळा पोसतो. मारला तर एका जेवणात संपतो. हाडांचाच मासा तो. गावाला खारफुटी तोडायची नसते, जाळी लावायची नसतात, कारण त्यांचं पोट जिवंत माशावर आहे.

गरी

पैसे येतात म्हणून बरोबर, हे मला पटत नाही. पण गावाच्या हातात पैसा राहतो आणि जाळी लागत नाहीत, एवढं खरं असेल तर ते ऐकतो. आमच्याकडे दोन्हीपैकी काहीच नाही.

लहानपणी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला अख्खी वाडी लागायची. दोर ओढणाऱ्या म्हातारीलाही वाटा मिळायचा. आता ओढून ओढून हात सोलवटतात आणि जाळ्यात येतात चार टोपल्या. कारण बाहेर पर्ससीन, म्हणजे थवेच्या थवे वेढून उचलणारी मोठी जाळी. २०१६ साली राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ साली केंद्राने एलईडी दिवे लावून मासेमारीला बंदी केली. तरी रात्री बंदरावर येऊन उभे राहा. क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. दिव्याला सगळंच येतं, पिल्लंसुद्धा. त्या उजेडावर इथे कुणी धागा काढत नाही. एका जीटीच्या थेंबावर काढता.

वाळूतली पावलं

हेच मला म्हणायचं होतं. मी वर्षात एक मासा धरला.

गरी

माझ्या बोलण्याच्या आड लपू नका. मी तुमच्या बाजूचा नाही.

लाटेवरची

एलईडीचं शंभर टक्के खरं आहे. माझ्या मामांनी दोन वर्षांपूर्वी होडी विकली. पावसाळी बंदी १ जूनला लागली की आमचे लोक होड्या ओढून ठेवतात, जाळी विणतात, उधारीवर जगतात. बंदी उठल्यावर समुद्रात जायचं तर समोर ते दिवे. तक्रार घेऊन गेलो तर गस्तीला बोट नाही हे उत्तर. मामा आता दुसऱ्याच्या रिक्षावर आहेत. समुद्राकडे पाठ करून बसतात, खरंच, ओटीवर खुर्ची उलटी लावून.

भरतीओहोटी

लाटेवरची, हे वाचून गलबलून आलं. मीही रत्नागिरीची आहे, ते दिवे मी पाहिले आहेत. पण मोठा अन्याय चालू आहे म्हणून लहान अन्यायावर बोलू नये, हे मला मान्य नाही. एलईडी बंद करणं माझ्या हातात नाही. मासा किती सेकंद हवेत राहील हे माझ्या हातात आहे.

गरी

हातात नाही म्हणून सोडून देता आणि जे सोपं त्यावर लिहिता. मस्कतला बसून हे लिहिणं जमतं.

भरतीओहोटी

मी कुठे राहते याचा इथे काय संबंध? माझ्या आईचं घर अजून मिऱ्या बंदराजवळ आहे. पोटासाठी बाहेर गेलेल्या माणसाला समुद्रावर बोलायचा हक्क नाही असं असेल तर निम्मं कोकण गप्प बसेल.

गरी

ते वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

तिसरा हंगाम

मी अंदमानात बोटीवर तीन हंगाम काम केलं. फ्लाय, म्हणजे हलकं पिसांचं आमिष, कमी; पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करणारं जड आमिष, जास्त; पण जीटी तोच. वाटाड्या काही बोलला नाही असं वर लिहिलंय, त्यावर सांगतो. वाटाड्या बोलत नाही, कारण त्याची बक्षिसी पाहुण्याच्या खिशात असते. एका पाहुण्याने तीस किलोच्या आसपासचा जीटी माझ्याकडून आधी सरळ, मग तिरका, मग बोटीच्या टोकावर नेऊन धरवला. मी म्हणालो, साहेब, सोडू या. तो म्हणाला, मी पैसे दिलेत. मासा सोडल्यावर दगडासारखा खाली गेला. संध्याकाळी त्याने मालकाकडे माझी तक्रार केली की पोरगा घाई करतो. पुढच्या फेरीला मला घेतलं नाही.

आणि एक. हात लांब करून, वाइड लेन्सला चिकटवून जो मासा दिसतो तो तेवढा नसतो. कोपर मोकळं दिसलं की समजायचं. फोटो खरा हवा असेल तर मासा अंगाजवळ हवा, आणि अंगाजवळ धरायला तो पाण्यातच सोपा पडतो. शेपटीच्या मुळाशी कडक खवल्यांची कड असते, तिथे एक हात. दुसरा छातीखाली. तो स्वतःच स्थिर होतो.

वाळूतली पावलं

तिसरा हंगाम, तुमचं वाचून मी फोटोंच्या वेळा उघडून पाहिल्या. पहिल्या आणि सातव्या फोटोत १ मिनिट ५२ सेकंदांचं अंतर आहे. मध्ये एकदा मासा पाण्यात बुडवला होता, पण तो तीनचार सेकंदच. एवढा वेळ गेला असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि आता आठवतंय, वाटाड्याने दोनदा माझ्या खांद्याला हात लावला होता. मला ते कौतुक वाटलं.

वडिलांना दाखवलेल्या फोटोबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही. तो पहिला फोटो होता. बाकीचे सहा कशाला काढले याचं उत्तर माझ्याकडे नाही.

भरतीओहोटी

पहिल्या फोटोला माझा विरोध नाही. म्हणजे, आहे, पण तुमच्या वडिलांच्या बोटांपुढे मी तो ताणणार नाही. धार गळतेय तोवर एकदा उचलला आणि परत ठेवला, तर मी धागा काढला नसता.

गरी

मी अजून तिथेच आहे. पण ज्यांना सोडायचंय त्यांनी नीट सोडावं, यावर भांडण नाही. आजोबासुद्धा अंड्यांनी भरलेली चिंबोरी परत टाकायचे, आणि टाकायचे म्हणजे हाताने पाण्यात ठेवायचे.

वाळूतली पावलं

भरतीओहोटी, पुन्हा जाणं पुढच्या पाचसहा वर्षांत जमणार नाही. पण दिवाळीत दाभोळला जातोय, खाडीत जिताडा लागतो. माशाचं अख्खं अंग दिसेल आणि तो पाण्यातही असेल, असा फोटो कसा काढायचा? वडिलांना पाठ-शेपूट कळत नाही, हे खरंच आहे.

भरतीओहोटी

अर्धा पाण्यावर, अर्धा पाण्याखाली असा काढा. कॅमेऱ्याला पाणीरोधक खोळ आणि पुढे डोम, म्हणजे फुगीर पारदर्शक घुमट, लागेल. मोठा डोम घ्या, लहान डोमवर पाण्याची रेघ जाड येते आणि माशाच्या मधूनच जाते. लेन्सच्या छिद्राचा आकडा एफ ११ च्या खाली नेऊ नका, नाहीतर वरचा माणूस किंवा खालचा मासा, एकजण धूसर येईल. खाडीचं पाणी गढूळ असतं, म्हणून भरती पूर्ण चढल्यावर, सूर्य तुमच्या पाठीशी ठेवून. डोम कोरडा राहिला तर थेंब बसतात. बुडवा, वर आणा, लगेच दाबा. हे सगळं गळ टाकण्याआधी नारळाच्या झावळीवर दहा वेळा करून बघा. मासा लागल्यावर सेटिंग शोधायचं नाही.

गळाच्या काट्याची आडनखी, म्हणजे टोकाजवळची उलटी अणी, पक्कडने दाबून टाका. वडिलांना मासा हातभर अंतरावरून पाहिल्यासारखा दिसेल.

गरी

दाभोळचा जिताडा मात्र खा.