६०० यार्डांसाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल: कोणती घ्यावी?

प्रेषक: सचिन (सध्या मुक्काम गुहागर)

नमस्कार मंडळी,

आंब्याच्या कामासाठी गुहागरला घरी आलोय, मे संपला की परत टेक्सासला. तिकडे मित्राच्या रायफलवर १०० यार्डांवर सराव चालू आहे. आता स्वतःची घ्यायची आहे आणि ६०० यार्डांच्या सामन्यांना उतरायचंय. आमच्या क्लबात सर्व्हिस रायफलचे (लष्करी धाटणीच्या रायफलींचे) सामने होतात, म्हणून बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची) नको, सेमी-ऑटोमॅटिकच हवी. काडतुसाचं म्हणाल तर दुकानदार .३०८ घ्या म्हणतो, मित्र ६.५ क्रीडमूरवर अडून बसलाय, इंटरनेटवर जितकी माणसं तितकी मतं. मंडळात कोणी स्वतः खेळत असेल तर सांगा. आणि पुढेमागे गावी कायमचं यायचं ठरलं तर रायफल इकडे आणता येईल का?

सचिन

---

प्रेषक: मेधा (ओहायो)

सचिन, आधी सामना ठरव, मग काडतूस, मग रायफल. दुकानात शिरलं की हा क्रम नेमका उलटा होतो.

सर्व्हिस रायफल म्हणजे २००, ३०० आणि ६०० यार्ड. २०० वर उभं राहून सावकाश, मग बसून ६० सेकंदांत १० गोळ्या. ३०० वर पालथं पडून ७० सेकंदांत १०. शेवटी ६०० वर २० गोळ्या, त्यांना २० मिनिटं. त्या दोन घाईच्या फेऱ्यांत मॅगझिनही बदलायचं असतं. .३०८ चा धक्का बसून डोळा परत निशाणावर स्थिरावेपर्यंत पुढच्या गोळीची वेळ झालेली असते. म्हणून कॅम्प पेरीला (इथे ओहायोत राष्ट्रीय सामने होतात तिथे) ओळीने झोपलेल्या नेमबाजांकडे पाहिलंस तर बहुतेकांच्या हाती २० इंची नळीची एआर-१५ दिसेल. हलका धक्का, सुटे भाग कुठेही मिळतात, आणि दुरुस्ती घरच्या टेबलावर होते.

एआर-१५ चं छोटं .२२३ काडतूस ६०० यार्डांना पुरत नाही, हा समज सोडून दे. ६०० च्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १२ इंचांचं असतं. एक मिनिटाचा कोन (अंशाचा साठावा भाग) त्या अंतरावर सव्वासहा इंच भरतो. म्हणजे सगळ्या गोळ्यांचा गट एका मिनिटाच्या कोनात टाकणारी रायफल असली की हत्याराकडून दहा निश्चित आहे. पुढे जे चुकतं ते वाऱ्यात आणि चाप ओढण्यात.

नळी घेताना मात्र आतल्या खाचांचा पीळ बघितल्याशिवाय पैसे काढू नकोस. १:८ किंवा १:७ हवा, म्हणजे आठ किंवा सात इंचांत गोळीचा एक पूर्ण फेरा. लांब पल्ल्याला ७७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जड गोळी लागते, जड गोळी लांब असते, आणि लांब गोळी सरळ ठेवायला ती जास्त वेगाने फिरावी लागते. १:१२ च्या जुन्या नळीतून ५५ ग्रेन उत्तम जाते. त्याच नळीतून ७७ ग्रेन टाकली तर कागदावर गोल भोक पडत नाही, गोळीची आडवी बाजू उमटते. ६०० वर कित्येक जण ८० ग्रेनची गोळी वापरतात. ती भरलेलं काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही, एकेक करून हाताने आत ठेवावं लागतं. सावकाश फेरीत त्याने काही अडत नाही.

चेंबरही, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, विचारून घे. .२२३ चा शिक्का असलेल्या नळीत ५.५६ चं लष्करी काडतूस घालायचं नाही, दाब धोक्याच्या वर जातो. '.२२३ वाइल्ड' चेंबर दोन्ही घेतं, ते मिळालं तर तेच घे. नळीला कुठेही न टेकणारा फ्री-फ्लोट हँडगार्ड (पुढचं हाताने धरायचं आवरण) लागेल, कारण दंडाला पट्टा आवळला की साधा हँडगार्ड नळीला ओढतो आणि गट सरकतो. ट्रिगर दोन टप्प्यांचा घे, पण साडेचार पौंडांपेक्षा हलका नियमात बसत नाही. रायफलीवर दुर्बीण २०१६ पासून चालते, जास्तीत जास्त साडेचार पट. यापेक्षा मोठी आधीच घेऊन बसलास तर ती या वर्गात निरुपयोगी.

६.५ क्रीडमूर वाईट नाही. १००० यार्डांवर जायचं असेल तर मीही .३०८ सोडून तीच घेईन, वारा तिला बराच कमी ढकलतो. पण तिची नळी .३०८ च्या मानाने लवकर झिजते, आणि त्या आकाराच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एका कंपनीचा भाग दुसरीला बसेलच असं नाही. एम१ए (जुन्या लष्करी एम१४ ची नागरी आवृत्ती) देखणी आहे, मला मनापासून आवडते. मात्र लाकडी स्टॉकमध्ये तिचं बसणं सतत जपावं लागतं, पहिल्या रायफलीला ही कटकट नको.

एक अत्यंत महत्त्वाचं, सगळ्याच तरुण मंडळींसाठी. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेत बंदूक विकत घेणं किंवा जवळ ठेवणं सर्वसाधारणपणे बेकायदा आहे. शिकारीचा परवाना वगैरे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही. शिवाय कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय इथे एआर पद्धतीच्या रायफलींवर कडक बंधनं आहेत, तेव्हा राज्य बदलताना आधी कायदा वाचा. आणि घरात मुलं असोत नसोत, कुलपाची तिजोरी रायफलीच्या आधी घरात यायला हवी.

मेधा

---

प्रेषक: दिनकरकाका (हर्णै)

चि. सचिन,

मेधाने हत्यार सांगितलं, मी वारा सांगतो. फौजेतली माझी उमेदीची वर्षं एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) बरोबर गेली. रेंजवर ग्रुपिंग सुंदर आणि वाऱ्यापुढे सगळं बाहेर, अशी पोरं किती पाहिली.

तू आत्ता ज्या जागी आहेस तिथे हे शिकायची सोय फुकट आहे. गुहागरचा किनारा उत्तर-दक्षिण सरळ पसरलाय. सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून येणारा, मंद. उन्हं चढली की तो पडतो, आणि दुपारी पश्चिमेकडून खारा वारा सुटतो. किनाऱ्यावर उत्तरेकडे तोंड करून बसलास की हा वारा बरोबर डाव्या अंगाने येतो. नेमबाजाला याहून अवघड वारा नाही, कारण तो पूर्णच्या पूर्ण गोळीला आडवा लागतो.

दुर्बीण तिकाटण्यावर बसव. लांबचं एखादं सुरूचं झाड धर आणि फोकस त्याच्या जरा अलीकडे आण. तापलेल्या वाळूवरून हवा थरथरताना दिसेल. थरथर सरळ वर उकळत असेल तर आडवा वारा नाही, किंवा तो आत्ता दिशा पालटतोय. अशा वेळी गोळी सोडायची नाही. एका अंगाला झुकली की वारा त्या अंगाला वाहतोय. पार आडवी होऊन पळायला लागली की वारा जोराचा. रोज दुपारी आधी अंदाज वहीत लिही, मग मोबाइलएवढ्या वारामापकाने ताडून बघ. जवळचा वारा आणि लांबचा वारा वेगळा असतो, आणि दोघांत जवळच्याला जास्त मान द्यायचा. सुरुवातीला गोळीची दिशा बिघडली की ती चूक शेवटपर्यंत वाढत जाते.

आता इकडे आणण्याविषयी. तो विचार मनातून काढ. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांत सेमी-ऑटोमॅटिक रायफल निर्बंधित (रिस्ट्रिक्टेड) प्रवर्गात येते, सामान्य नागरिकाला तिचा परवाना सर्वसाधारणपणे मिळत नाही. आपल्याकडे वानर-डुकरांसाठी शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असते म्हणून लोकांना वाटतं तेही चालेल. तो परवाना वेगळा, ही गोष्ट वेगळी. परत आलास तरी नेमबाजी सोडावी लागणार नाही. ५० मीटरची .२२ आहे, १० मीटरची एअर रायफल आहे, पनवेलला सुमा शिरूर यांची अकादमी आहे. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ऑलिंपिक कांस्य मिळवलं, त्या खेळाला कमी लेखू नकोस.

आणि रेंजवर वापरलेली बॅग विमानप्रवासाला कधीही घेऊ नकोस. कप्प्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तरी गुन्हा दाखल होतो. अशा कामात जामिनासाठी धावपळ करणारे आईवडील मी पाहिले आहेत.

दिनकरकाका

---

प्रेषक: सचिन

मेधाताई, काका, मनापासून आभार. ग्रीन कार्ड आहे, तिजोरी आधी घेतो. २० इंची एआर-१५, १:८, वाइल्ड चेंबर, हे पक्कं. काका, दुर्बीण आजच काढली; साडेतीनला थरथर डावीकडून उजवीकडे, जवळजवळ आडवी. शनिवारी हर्णैला येऊ का? ताई, काडतुसं घरी भरायला लगेच शिकू का?

---

प्रेषक: मेधा

लगेच नको. पहिला हंगाम ७७ ग्रेनची तयार मॅच काडतुसं वापर. खोक्यावरचा लॉट क्रमांक बघून सगळी एकाच लॉटची घे, लॉट बदलला की झिरो (निशाणाशी दुर्बिणीची जुळणी) पुन्हा तपासावा लागतो. रिकामी पितळी टरफलं मात्र पहिल्या दिवसापासून गोळा कर, भरायला शिकशील तेव्हा तीच लागतील. आणि बोल्ट उघडा ठेवून चेंबरमध्ये घालायची प्लास्टिकची झेंडी दोन-तीन घेऊन ठेव. ती लावलेली नसेल तर आमच्याकडे रायफल पिशवीतून बाहेरही काढू देत नाहीत.

मेधा