इग्वानाचा पिंजरा: गच्चीवर जाळी की घरात कपाट?

रंकाळाकाठ
मेव्हण्याने इग्वाना (पाला खाणारा मोठा परदेशी सरडा) आणला तेव्हा तो वीतभर होता, माशांच्या रिकाम्या टाकीत मावला. आता शेपटीसकट अडीच फूट झालाय आणि वळताना त्याला शेपूट दुमडावी लागते. मोठ्या घराची चौकशी केली तर एका दुकानदाराने चार फुटी काचेची पेटी, दिवे, तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट असा सगळा बस्ताच बांधून दिला. किंमत ऐकून बहिणीने फोन मला लावला.

माझं मत सरळ आहे. कोल्हापुरात एवढा खटाटोप कशाला? मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण जंगलांत झाडावर राहणारं जनावर हे. गच्चीवर ६ फूट लांब, ३ फूट रुंद, ६ फूट उंच जाळीचा पिंजरा करा, अर्ध्या भागावर छप्पर घाला, आत पेरूच्या जाड फांद्या आडव्या बांधा. काचेतून यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण जवळपास आत येतच नाहीत. म्हणजे खिडकीतली काचेची पेटी नुसती तापते, हाडांना लागणारं काही देत नाही. किरण नाहीत तर अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. दिवा विकत आणून जे द्यायचं ते सूर्य फुकट देतोय. विरोधात कुणाला बोलायचंय त्यांनी बिनधास्त बोला.

बावडेकर
ऊन फुकट आहे ते ऑक्टोबर ते मे. जुलैत काय करणार? आपल्याकडे झड लागली की आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही, भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत. इग्वाना नुसता पाला खातो आणि तो पाला त्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू कुजवून पचवतात. त्यासाठी अंग तापावं लागतं. बसायच्या जागी ३५ ते ३८ अंश, बाकी पिंजऱ्यात २६ ते ३० अंश हवं. गच्चीवर पावसात २२-२३ अंशांत, वाऱ्यात बसलेला इग्वाना खातो कमी आणि खाल्लेलं पोटात तसंच राहतं. घरातलं कपाटच बरोबर. काचेची पेटी नको, हे तुमचं मान्य. प्लायवूडचं मोठं कपाट करा, आतून ओल न धरणारं पॉलियुरेथेन वार्निश मारा, वास पूर्ण जाईपर्यंत उघडं ठेवा, पुढे जाळीची दारं लावा, वर यूव्हीबीची नळी आणि तापणारा दिवा.

रंकाळाकाठ
बावडेकर, एवढी नाजूक असती तर फ्लोरिडात मोकाट सुटून यांनी धुमाकूळ घातला असता का? तिथे तर आपल्यापेक्षा जास्त थंडी पडते.

बावडेकर
पडते ना. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या हवामान खात्यानेच लोकांना सांगितलं होतं की थंडीने गारठलेले इग्वाना झाडांवरून खाली पडतील, दचकू नका. पारा ४-५ अंशांच्या आसपास गेला की ते लाकडासारखे ताठ होतात. आपल्याकडे एवढी थंडी पडत नाही, कबूल. पण डिसेंबरच्या रात्री १३-१४ अंशांवर जातात आणि पचन त्याच्या किती तरी आधी थांबतं. झाडावरून पडत नाही म्हणजे बरा आहे, हा कुठला हिशेब?

उद्यमनगरचा फॅब्रिकेटर
भांडण चालू द्या, मी जाळीचं सांगतो. इग्वानाचा नाही, पण कुत्र्यांचे, पोपटांचे पिंजरे लई केलेत. कोंबड्यांची षटकोनी जाळी अजिबात घेऊ नका. नखं अडकतात, आणि जनावर नाक घासत बसलं की तार नाक सोलून काढते. एक इंची चौकोनी पाइपची फ्रेम आणि त्यावर प्लॅस्टिक चढवलेली वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी जाळी), भोक अर्धा ते एक इंच. तार जिथं कापली तिथली टोकं आतल्या बाजूला राहिली तर पाय फाटलाच म्हणून समजा. सगळी टोकं पाइपच्या बाहेरून घ्यायची आणि वर पट्टी मारायची. रेडऑक्साइड आणि ऑइलपेंट मारून लगेच जनावर सोडायचं नाही, पंधरा दिवस उन्हात ठेवा. आणि पत्रा? एप्रिलमध्ये गच्चीवरच्या पत्र्याला हात लावून बघा एकदा. खाली काय भाजेल ते भाजेल. त्यापेक्षा नारळाच्या झावळ्या किंवा हिरवी शेडनेट, तीही दुहेरी.

रंकाळाकाठ
पत्र्याचं पटलं, शेडनेट करू.

निसर्गप्रेमी
तुम्ही सगळे जाळीची भोकं मोजताय. मुळात हे जनावर घरात हवंच कशाला? पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट पाच-सहा फूट होतो, नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. मेव्हण्याचा मुलगा दहावीला जाईल, मग इंजिनिअरिंगला बाहेरगावी जाईल, याला बघणार कोण? मग एखाद्या रात्री रंकाळ्याच्या काठावर सोडून देतात. फ्लोरिडातली पिढी कुठून आली असं वाटतं? बरीचशी अशीच, पाळलेल्यांतून.

आणि कायदेशीर बाजूही बघा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स करारातल्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) इग्वानासारख्या परदेशी प्राण्यांसाठी अनुसूची ४ आली. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, नवीन प्राणी आल्यावर ३० दिवसांत. तुमच्या मेव्हण्याकडे कागद आहे का?

शिवाजी पेठेचा पठ्ठ्या
इग्वाना कशाला, घोरपड आणा की! मराठ्यांचं जनावर, दिवा नको, थर्मोस्टॅट नको. नाद खुळा.

निसर्गप्रेमी
पठ्ठ्या, गंमत म्हणूनही लिहू नका, कुणीतरी खरं मानेल. घोरपड त्याच कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आहे. पकडणं, पाळणं, विकणं सगळं गुन्हा, ३ ते ७ वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड.

रंकाळाकाठ
कागदाचं मी मेव्हण्याला विचारलं. "पावती आहे" म्हणाला. पावती म्हणजे नोंदणी नव्हे, हे त्याला आजच सांगतो. पण निसर्गप्रेमी, तुमचा प्रश्न आणण्याआधीचा आहे. आता आणलाय. आता "पाळू नका" म्हटल्याने त्याला एक इंचही जागा जास्त मिळत नाही. म्हणून म्हणतो, पिंजऱ्यावर बोला.

निसर्गप्रेमी
एक इंच मिळत नाही, पण हा धागा वाचून दुसरा कुणी आणायचं टाळेल. माझ्यासाठी तेवढं पुरे. पिंजऱ्याचं मत विचारताय तर मी बावडेकरांच्या विरोधात आहे. गच्चीवरचं ऊन त्याला मिळालंच पाहिजे, आयुष्यभर कपाटात डांबायला तो काही लोणच्याची बरणी नाही.

वैशाली, राजारामपुरी
आमच्याकडे इग्वाना आहे, मादी. दोन्ही बाजू थोड्या थोड्या चुकतायत असं मला वाटतं. रंकाळाकाठदादा, गच्चीवरचं ऊन उत्तम, पण कोल्हापूरचं दुपारचं ऊन त्याला नको. मार्चपासून अकरा ते चार पिंजऱ्याचा निम्मा भाग पूर्ण सावलीत पाहिजे आणि सावलीत शिरायला फांदी पाहिजे. सावली जमिनीवर आणि फांद्या उन्हात असं केलं तर तो खाली उतरतच नाही. हे प्राणी घाबरले की वर चढतात, खाली लपत नाहीत. म्हणून लपायची जागा वरच्या कोपऱ्यात द्या. फांदीची जाडी त्याच्या अंगाएवढी तरी हवी, साल खरखरीत. गुळगुळीत पीव्हीसी पाइपवरून आमची घसरून पडायची.

बावडेकर, तुमच्या कपाटात यूव्हीबीची नळी किती उंचीवर, हे तुम्ही लिहिलंच नाही आणि तिथेच सगळे फसतात. नळी छताला आणि फांदी तळाशी, मग दिवा फक्त उजेडाचा. साधारण एक ते दीड फुटाच्या अंतरावर बसायची फांदी येईल असं बघा, नेमकं अंतर नळीच्या डब्यावर दिलेलं असतं. मध्ये बारीक जाळी आली तर किरण आणखी कमी होतात. नळी पेटत असली तरी किरण घटत जातात, म्हणून वर्षाच्या आत बदलायची. तापणाऱ्या दिव्याला मात्र बाहेरून जाळीचं कवच हवंच, नाहीतर तो दिव्यालाच चिकटून बसतो आणि पाठ भाजते. त्यांना पोटाखालची, पाठीवरची जळजळ वेळेत कळत नाही. तापणारे दगड विकतात ते तर घरातच आणू नका.

आणि मादी निघाली तर? नर नसतानाही ती अंडी घालते. माती-वाळूचं ओलसर खोकं दिलं नाही तर अंडी पोटात अडकू शकतात, मग ऑपरेशन. पिंजऱ्याच्या मापात हे खोकं आत्ताच धरा.

बावडेकर
वैशालीताई, अंतराचं मान्य. पण तुम्ही मधला मार्ग सांगताय म्हणजे दोन पिंजरे झाले ना? गच्चीवर एक, घरात एक. मेव्हणा एकाच्या किमतीला घाबरला होता.

वैशाली, राजारामपुरी
हो, दोन. पण सारख्या आकाराचे नव्हेत. मोठा आणि कायमचा घरातला. गच्चीवरचा दिवसा तीन-चार तास सोडायला, त्यामुळे तो लहान आणि साधा चालतो. काच, लाकूड, रंगकाम यात जे पैसे जातात ते फॅब्रिकेटरदादांच्या फ्रेमला आणि दोन नळ्यांना लावले तर दुकानदाराच्या आकड्याच्या आतच बसेल असा माझा अंदाज. खाण्याचा खर्च किरकोळच. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, लाल भोपळा. पालक रोज देऊ नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं.

शाहूपुरी तळमजला
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. ६×३×६ चा वेल्ड केलेला अखंड पिंजरा घरात बसवला तर तो परत दारातून निघत नाही. २०१९ ला आणि २०२१ ला आमच्या गल्लीत पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा फ्रिज कसाबसा वर नेला. जनावराचा पिंजरा वर न्यायचा म्हटला तर? तळमजल्यावर राहणाऱ्यांनी नटबोल्टचाच करावा.

रंकाळाकाठ
मेव्हणा दुसऱ्या मजल्यावर आहे, पण जिना अरुंद आहे. मुद्दा लागू होतो. मी अजूनही म्हणतो मोठा पिंजरा गच्चीवर आणि छोटा घरात असावा, उलट नव्हे. पावसाचे चार महिने त्याने अडचणीत काढले तर आठ महिने मोकळे मिळतात.

बावडेकर
चार महिने अडचणीत, तेही दरवर्षी, पंधरा वर्षं. तुम्ही राहाल का?

उद्यमनगरचा फॅब्रिकेटर
मोठा कुठं ठेवायचा ते तुम्ही आपसात ठरवा. चार फ्रेमा वेगळ्या, कोपऱ्यात नटबोल्ट, असा करून देतो. मला फक्त जिन्याच्या वळणाची रुंदी आणि घराच्या दाराचं माप पाठवा. नुसतं दाराचं पाठवू नका, माल अडकतो तो वळणावरच.