प्रतिसाद: फोटोवरून डब्याची मापं काढताना

नाशिकरोडच्या फलाटावरून काढलेल्या फोटोंवरून रेल्वेच्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या रचनेच्या) डब्याचं १:८७ प्रमाणातलं मॉडेल केलं, पण बोगी (इथे डबा नव्हे, तर त्याखालची चाकांची चौकट) आखूड दिसते, असं एका वाचकाने लिहिलं आहे. दोष बहुधा फोटोचा नसून बोगीच्या निवडीचा असावा. आयसीएफ बोगीत दोन आसांतलं (चाकांच्या जोड्यांना जोडणाऱ्या दांड्यांमधलं) अंतर २८९६ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये ३३.३ मिमी. एलएचबी या नव्या, जर्मन रचनेच्या डब्यांखालच्या फियाट बोगीत ते २५६० मिमी, म्हणजे २९.४. तयार बोगी घेतली असेल तर आधी व्हर्नियर कॅलिपरने हे अंतर मोजा. जवळपास ४ मिमीचा फरक डोळ्याला लगेच खुपतो.

फोटोत मोजपट्टी म्हणून चाक धरू नका. नवं चाक ९१५ मिमीचं असतं, पण झिजून आणि कातून ते लहान होत जातं. दोन आसांतलं अंतर मात्र बदलत नाही, तेच धरा.

डबा ज्या फलाटाला लागलाय तिथून बोगी झाकली जाते आणि जवळचं टोक मोठं दिसतं. त्यामुळे रूळ ओलांडून नव्हे, पादचारी पुलाने पलीकडच्या फलाटावर जा. शक्य तितकं मागे उभं राहून झूम वापरा, कॅमेरा डब्याला काटकोनात ठेवा. एका फोटोत अख्खा डबा बसवण्याचा मोह नको. एकमेकांवर थोडे चढणारे तीन-चार फोटो घ्या.

कागदी आराखड्यावर डब्याची लांबी २४५ मिमी (मूळ २१,३३७) भरली पाहिजे. प्रिंटर 'पानात बसवा'वर असेल तर ती हमखास कमी भरते.