कोरड्या डोळ्यांच्या कुत्र्याला सुई आणि करंट: उपचार की नवी डागणी?

तापीकाठ (भुसावळ):
आपल्याकडे पग, शिह त्झू, ल्हासा पाळायची हौस वाढली, पण मे महिन्यात ही बिचारी कूलरपुढून हलत नाहीत. डोळ्यांत पिवळं, चिकट चिपडं. 'डोळे आलेत' म्हणून मेडिकलवाला थेंब देतो आणि तेच महिनोन्‌महिने चालतं. खरं दुखणं बऱ्याचदा ड्राय आय असतं, म्हणजे अश्रूच कमी पडतात आणि डोळा सुजतो.

यावर इलेक्ट्रोअॅक्युपंक्चर सुचवलं की लोक हसतात. डोळ्याभोवती बारीक सुया टोचून त्यांतून मंद करंट सोडायचा, एवढंच ते आहे. सशांवरच्या प्रयोगांत यानं अश्रू वाढले आणि टीएनएफ-अल्फासारखी सूज वाढवणारी द्रव्यं घटली. 2021 साली हार्वर्डच्या गटानं 'नेचर'मध्ये उंदरांवरचं काम छापलं. मागच्या पायाच्या एका बिंदूला हलका करंट दिला की व्हेगस या मेंदूतून छाती-पोटाकडे जाणाऱ्या मज्जातंतूमार्गे मूत्रपिंडावरची अॅड्रिनल ग्रंथी कामाला लागते आणि अंगातली सूज उतरते. पोटावरच्या बिंदूला तोच करंट दिला तर तसं होत नाही. त्यामागची मज्जातंतूंची जोडणीही त्यांनी दाखवली. आता याला जादूटोणा म्हणायचं का?

पशुवैद्यक, धुळे:
भाऊ, उंदरांचं काम चांगलं आहे, पण ते जंतूंच्या विषानं अंगभर उठलेल्या सुजेवरचं आहे, डोळ्यावरचं नाही. सशांचंही ऐका. त्यातल्या बऱ्याच प्रयोगांत सशाला स्कोपोलामाइन देऊन डोळा कोरडा करतात. हे औषध ग्रंथीला मिळणारा मज्जातंतूचा हुकूम अडवतं, ग्रंथी मात्र शाबूत राहते. म्हणजे विहिरीत पाणी आहे, फक्त मोटर बंद. कुत्र्यात बहुतेक वेळा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथी खाऊन टाकते. तिथे झरेच आटलेले असतात, मोटरला करंट देऊन काय निघणार?

त्यासाठी सायक्लोस्पोरिनचं मलम आहे. 0.2 टक्क्यांचं, दिवसातून दोनदा, बहुतेकांना जन्मभर. ते ग्रंथीवरचा हल्ला थोपवतं. कोरड्या डोळ्यासाठी हे औषध आधी कुत्र्यांवर वापरलं गेलं. जॉर्जिया विद्यापीठातल्या रेनी कास्वान या पशु-नेत्रतज्ज्ञ बाईंचं ते काम. माणसांसाठीच्या थेंबांना अमेरिकेत परवानगी मिळाली ती 2002 मध्ये.

शिरपूरना भाऊ:
भो, कुत्राले करंट? आठे लाइटच ऱ्हास नही 😄
गंमत सोडा. माझ्या आज्यानं बैलाच्या डोळ्यात तंबाखूची पिंक टाकलेली मी पाहिली आहे. मान धरली की डागणी द्यायचे. जनावर दोन दिवसांनी उभं राहिलं की श्रेय डागणीला. सुईचंही तसंच होणार. दुखणं आपोआप कमी-जास्त होतं, मालक मात्र खूश.

तापीकाठ:
डागणीशी तुलना अन्याय आहे. डागणीत कातडी जळते. इथे सुई केसासारखी आणि करंट इतका कमी की बरीच कुत्री पेंगतात. आणि जनावराला 'बरं वाटेल' अशी आशा नसते, मग मनाच्या समजुतीचा प्रश्न येतोच कुठे?

जामनेरची ताई:
येतो ना दादा, मालकाच्या मनाचा येतो! 'आज डोळे किती छान उघडलेत' हे आपणच म्हणतो, कुत्रं कुठे सांगतं. म्हणून शिर्मरची पट्टी लावा. खालच्या पापणीत कागदाची पट्टी एक मिनिट ठेवायची, किती मिलिमीटर भिजली ते बघायचं. 15 च्या वर ठीक, 10 च्या खाली गडबड, 5 च्या खाली फारच वाईट. तरी एकच आकडा धरून नाचू नका. तीच पट्टी त्याच कुत्र्यात सकाळ-संध्याकाळ वेगळी भरते.

आणि बहुतेक जण मलम चालू ठेवूनच सुया टोचून घेतात. मलमाला गुण यायला काही आठवडे लागतात. आठव्या आठवड्यात डोळा सुधारला तर कोणामुळे, हे कोण ठरवणार?

तापीकाठ:
मलमाचा गुणगौरव पुरे. ज्यांची पट्टी जवळजवळ कोरडीच निघते त्यांच्यात मलमाला यश बरंच कमी येतं, हे डॉक्टरसाहेबांनी सांगितलं नाही. मग त्यांनी काय करायचं? तोंडातल्या लाळेची नळी वळवून डोळ्यात सोडायचं ऑपरेशन करतात, म्हणजे कुत्रं जेवताना डोळ्यातून लाळ गळणार. त्यापेक्षा सुई करून पाहिली तर कुणाचं काय बिघडलं?

नाकात करंट देऊन माणसाचे अश्रू वाढवणाऱ्या यंत्राला 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, परवानगी दिली होती. म्हणजे मज्जातंतू चाळवून अश्रू येतात हे सिद्धच आहे.

पशुवैद्यक, धुळे:
ते यंत्र बाजारातून निघूनही गेलं, तेही सांगा.

तरी एक जागा मी सोडतो. काही कुत्र्यांत मज्जातंतूच बिघडलेला असतो. ओळखायची सोपी खूण: ज्या बाजूचा डोळा कोरडा, त्याच बाजूची नाकपुडी सुकून खडबडीत होते. तिथे ग्रंथी असते, हुकूम पोचत नाही. मज्जातंतूऐवजी ग्रंथीला हुकूम देणारं पायलोकार्पिन हे औषध आम्ही त्यासाठीच देतो. सुईचा प्रयोग करायचाच तर अशा कुत्र्यांवर करा, पट्टीचे आकडे लिहून ठेवा, मी वाचेन. पण सरसकट सगळ्या पगांना डोळ्याच्या कोपऱ्यात सुई? बुबुळावर जखम असेल आणि कुत्र्यानं डोकं झटकलं तर? फिटचा त्रास असलेल्या कुत्र्याला तर करंट नकोच.

शिरपूरना भाऊ:
साहेब, आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात गाभण गायी आणि लसीकरणातच दिवस जातो. पट्टी कोण लावणार?

जामनेरची ताई:
माणसांच्या डोळ्यांच्या दवाखान्याशेजारच्या मेडिकलवर विचारा. तीच पट्टी चालते. लावून घ्या मात्र डॉक्टरकडूनच. आणि बुबुळावर जखम आहे का हे रंगाच्या थेंबानं तपासल्याशिवाय स्टेरॉइडचा थेंब कोणी देऊ नका, मेडिकलवाला कितीही ओळखीचा असला तरी.

तापीकाठ:
ताई, पट्टीचं मान्य. नाकपुडीचंही आजच बघतो. सुईवर मात्र मी हटणार नाही. डॉक्टरसाहेब, कोरड्या नाकपुडीचं कुत्रं तुमच्याकडे आलं तर कळवा. मलम तुमचं, सुईचा खर्च माझा.